मखराच्या मखमलीचा झगा

धाकट्या भावाने अंथरूण धरलं त्याला अडीच महिने झाले होते. ताप नाही, दुखणं नाही. लग्नांचे फोटो काढायचा, चांगले काढायचा. एक दिवस घरी आला, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला आणि तिथेच राहिला. काय झालं विचारलं की "काही नाही". डॉक्टरकडे चल म्हटलं की पांघरूण डोक्यावर. एका सकाळी मला म्हणाला, "माझा कॅमेरा तू ठेव. मला नको आता." त्याच दुपारी आईने सुताराला बोलावून त्याच्या दाराची आतली कडी काढून घेतली. त्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

मी बोरिवलीत एका बुटीकमध्ये ब्लाउज आणि ड्रेस शिवते. येतं ते एवढंच. त्याच्या खाटेच्या वर भिंतीवर एक चित्र चिकटवलेलं होतं, रद्दीतल्या पुस्तकातून फाडलेलं पान. कुठल्याशा परदेशी चित्रकाराचं. अंधाऱ्या खोलीत बसलेली एक बाई, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर, अंगावर गडद लाल झगा, मांडीत डाळिंबांचं ताट, एका बाजूने येणारा उजेड. बरा होता तेव्हा म्हणायचा, "ताई, एकदा तुला असं बसवून फोटो काढायचाय. झगा तूच शिव." मी तेव्हा हसून विषय टाळला होता. आता मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. मी आठवडाभर रजा टाकली.

माळ्यावरून गणपतीच्या मखराचा मरून मखमली पडदा काढला. कात्री घेऊन बसले तशी आई स्वयंपाकघरातून आली.

"ह्या काय चल्लाहा तुझा?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली, मग खाली बसून तिने दुसरं टोक ताणून धरलं. "काप," म्हणाली. "गणपतीक मी सांगतंय."

कॉलरसाठी बक्रमच्या ताठ कापडी पट्टीला चुण्या घातल्या, पेजेत बुडवून वाळवल्या, इस्त्री फिरवली. आमच्या दहिसरच्या दमट हवेत तासाभरात त्या पुन्हा मान टाकायच्या. फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे उघडून काळपट तपकिरी रंगवले आणि बाहेरच्या खोलीत कपाटाला टेकवून उभे केले. आमच्या घरात ऊन येतं ते समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून, साडेतीन ते सव्वाचार. त्यामुळे सगळं त्या पाऊण तासात बसवायचं.

पहिल्या दिवशी झगा घालून खुर्चीत बसले आणि हाक मारली, "ये ना रे, नुसतं बघून जा." तो आला नाही. ऊन गेल्यावर मी झगा उतरवला. दुसऱ्या दिवशी तशीच आत गेले, त्याच्या खाटेपाशी उभी राहिले. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मिटले. ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मोरीत जाऊन मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पुठ्ठाच माझ्या अंगावर पडला. ताट उलटलं, डाळिंबं सोफ्याखाली गेली. ती काढायला वाकले तर काखेत झगा उसवला. मी तशीच फरशीवर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

"कॉलर उलटी लावलीयस."

तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"चुण्या वर पाहिजेत. आणि खुर्ची फिरव, उजेड दुसऱ्या गालावर पाडून बसलीयस तू."

मी उठून खुर्ची फिरवली आणि बसले. तोंड उघडलं तर तो परत जाईल असं वाटलं. त्याने पुठ्ठा उभा केला, कॉलर काढून सरळ लावली. टाचण्या लावताना एक माझ्या मानेला टोचली. मी हलले नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात कणीक तशीच. उसवलेल्या बाजूवर त्याने आईची शाल टाकली. मग मी टेबलावर काढून ठेवलेला त्याचा कॅमेरा घेतला.

"हनुवटी खाली. रडू नको ना, डोळे चमकतायत."

अकरा फोटो काढले त्याने. ऊन सरलं तसं "बस" म्हणाला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि आत जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला.

संध्याकाळी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उठला नाही. "तो उठलो तरी गो," आई सारखी म्हणत होती, पण मला आता काही शिल्लक नाही असं वाटायला लागलं होतं. करायचं ते सगळं करून झालं होतं. मी आत गेले, त्याच्या पायाशी बसले आणि जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलले.

"तू जिवाचं काहीतरी करून घेशील, अशी मला भीती वाटते."

त्याने तोंडावरचं पांघरूण खाली ओढलं.

"मलापण वाटते," तो म्हणाला.

मी त्याचा पाय धरून ठेवला. बाहेर कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आईने गॅस बंद केला. मग तो म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे घेऊन चल. पण तू आत यायचं माझ्याबरोबर."

गेलो. गोळ्या सुरू झाल्या, त्या दोनदा बदलाव्या लागल्या. मधल्या एका महिन्यात तर तो आधीपेक्षा वाईट होता, तेव्हा आई आणि मी आळीपाळीने घरी राहिलो. ते फोटो त्याने खूप नंतर बघितले. म्हणाला, एकही चित्रासारखा नाही, सगळ्यांत माझं नाक लाल आहे. ते खरंच आहे.

आता तो एका दुकानासाठी भांड्यांचे फोटो काढतो. लग्नांची कामं घेत नाही. एखाद्या सकाळी त्याला उठायला उशीर होतो. मी पर्स खांद्याला लावून निघालेली असते, तरी त्याच्या दाराशी थांबते, श्वास ऐकू येतोय का बघते.

"जागा आहे मी, ताई," आतून आवाज येतो. "जा तू."