निरोप न सांगणारे आबा

एस.टी. अडवावी तसा उजवा हात वर करून आबा म्हणायचे, "थांब. म्हंजी कसं?" समजल्याशिवाय मान न हलवणारा असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या कऱ्हाटीत ते शेजारचे आबा होते.

आमच्या घरात अक्षर नव्हतं. वडील मेंढरांमागं आठ-आठ महिने बाहेर, आई टँकरच्या पाण्यामागं. पत्र आलं की आई आबांच्या दारात उभी राहायची. ते दोनदा वाचायचे, दुसऱ्यांदा आईच्या भाषेत. आमच्या तसल्या घरातून मी बारामतीच्या कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. हे मी अभिमानानं सांगते.

पुढं मला घरबसल्या काम मिळालं. आयर्लंडमधल्या एका फसलेल्या बंडावरची इंग्रजी मालिका होती, सहा भागांची. पडद्याखाली दिसणाऱ्या ओळी मराठीत लिहायच्या. लिहिलेलं मी आबांना वाचून दाखवायची. 'सशस्त्र उठाव' म्हटलं की हात वर.

"बंदुका घेऊन सरकारवर उठले, आबा."

"मग तसंच लिही की."

आजी, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडता निवडता टोमणा मारायची, पोरीला पगार तरी मिळतो, तुमाला काय मिळतंय?

आबांची एक खोड गावाला ठाऊक होती. ते कुणाचा निरोप पोचवत नसत. लग्नाची पत्रिकासुद्धा नाही. आबांना निरोप जड होतो, असं म्हणून लोक हसायचे. मीही हसले आहे.

मालिकेच्या तिसऱ्या भागात बंडाच्या आदल्या दिवशी वरून हुकूम येतो, बेत रद्द. चिठ्ठ्या घेऊन माणसं गावोगाव जातात. बहुतेक लोक घरीच राहतात. थोडे तरीही उठतात, आणि हरतात. मी लिहिलं होतं, 'उद्याची मोहीम रद्द करण्यात आली आहे.'

हात वर गेला, पण नेहमीचा प्रश्न आला नाही. "असं न्हाय सांगत," आबा म्हणाले. "'उद्या न्हाय. घरीच थांबा.' असं सांगत्यात. मी सांगितलंय."

मग सगळं कळलं. तरुणपणी आबा सायकलला दुधाचे कॅन लावून गावं फिरायचे. कॅनॉलच्या पाण्यासाठी सुप्याच्या रस्त्यावर बसायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी पुढाऱ्यांनी माघार घेतली आणि निरोप घेऊन आबांना धाडलं. नऊ गावं त्यांनी घरी बसवली. परतताना सायकलची साखळी तुटली, मुक्काम बाहेर पडला, आणि स्वतःच्याच घरी सांगायचं राहिलं. सकाळी आजी चार बायकांना घेऊन रस्त्यावर जाऊन बसली. पाचजणींना पोलिसांनी गाडीत घालून नेलं, संध्याकाळी सोडलं. गाव कितीतरी दिवस हसत होतं. आबांनी तेव्हापासून निरोप सोडला.

"समद्यांना सांगितलं," आबा मला म्हणाले, "हिलाच न्हाय. माझ्यामुळं हिचं हसं झालं."

आजीनं मेथीतून मान वर केली नाही. "मला कळलं व्हतं."

आबांचा हात वर गेला. "म्हंजी कसं?"

"हातपंपावर कळलं. तरी गेले. तहान थोडीच रद्द झाली व्हती?"

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"तुमी इचारलं कवा?"

आबांनी सांगितली तशीच ओळ मी लिहिली. काम देणाऱ्या कंपनीनं ती शुद्ध करून मागितली. मी बदलली नाही.

मालिका मोबाइलवर येणार होती. आमच्या अंगणात टीव्हीला जोडून गावाला दाखवायचं ठरलं, तेव्हा महिनाभर आधीच आबांनी काठी घेतली. पहिल्यांदा स्वतःच्या घरात आजीसमोर उभे राहिले आणि वार, वेळ सांगितली.

"मी हितंच तर हाय," आजी म्हणाली.

"तरी सांगितलेलं बरं."

मग दारोदार फिरले. दोन दिवस लागले. लोकांना वाटलं, आबांना झालंय काय?

ठरलेल्या रविवारच्या आधीच आबा गेले. तेरावं होऊन चारच दिवस झाले होते. पुढं ढकलू या, असं मी आजीला म्हणाले. तिनं उजवा हात वर केला.

"त्यांचा निरोप हाय. रद्द न्हाय करायचा."

अंगण भरलं, मग रस्ता भरला. आजीनं तिसराच भाग लावायला लावला. चिठ्ठीवाला माणूस दारात उभा राहिला आणि खाली ओळ आली, 'उद्या न्हाय. घरीच थांबा.' शेवटी माझं नाव आलं, मराठीत. आबांनी सांगितलेलं एकही घर यायचं राहिलं नव्हतं.