पाट्यात अडकलेला बुश

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले आणि ललितपूरकडच्या एका शाळेत नोकरीही लागली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि बाबांनी आमच्या प्रेम नगर मोहल्लाभर सांगून ठेवलं होतं की मुलीला मी माझ्या ट्रकनं पोचवणार.

ट्रक मात्र अंगणात ठोकळ्यांवर उभा. पुढच्या एक्सलवर धक्के झेलणारे जे पाटे असतात त्यांच्या टोकाला लोखंडी वेटोळं असतं, आणि त्यात पितळेची नळी, म्हणजे बुश. झिजलेले बुश काढून नवे घालायचे होते. बाकीचे निघाले, एक गंजानं असा धरला होता की डिझेल पाजलं, घण घातले, हलेना. तेवढ्यात खंडेनवमी आली आणि आईनं हत्यारं पूजेला मागितली.

"घण तरी राहू दे."

"तुमच्या पणजोबांनी तलवार पूजेबाहेर ठेवली असती?"

"त्यांच्या घोड्याला बुश नव्हते!"

पण दिला घण. त्या दिवशी अंगणात काहीच वाजलं नाही. झेंडू आणि डिझेलचा वास एक होऊन गेला होता. मी ट्रकच्या सावलीत खाटेवर पडून होते. डोळे मिटले की ट्रक हळूच जमिनीवरून उठून चालू लागायचा, आवाज न करता. उघडले की बाबा त्या वेटोळ्यावर हात ठेवून बसलेले.

दसऱ्याची आरती झाली तसं बाबांनी करवतीचं पातं सोडवलं, सुईत दोरा घालावा तसं बुशमधून ओवलं आणि पुन्हा फ्रेमला कसलं. बुश चिरायचा, पाट्याला ओरखडा नको. आत दिसेना, म्हणून मी आईच्या कुंकवाच्या पेटीतल्या आरशानं उन्हाचा कवडसा आत सोडला.

"बेटा, जरा वर. बस, वहीं."

पातं किरकिरत राहिलं. पितळेचा भुगा उजेडातून झरत होता, बाबांच्या मनगटावर बसत होता. माझा हात अवघडला, पण कवडसा हलू दिला नाही मी.

"अहो, सोनं लुटताय जणू," आई म्हणाली.

चीर आरपार गेली आणि घणाच्या एका ठोक्यात बुश आत दबून बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत नवे बसले.

सकाळी शाळेच्या फाटकाशी ट्रक थांबला. शिपायानं विचारलं, "क्या सामान लाए हो, भैया?"

"सामान नहीं, मास्टरनीजी को लाया हूँ," बाबा म्हणाले. "फाटक पूरा खोलो."