चव बघण्यापुरतं

कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांचं जेवण रांधणारा हा आचारी तसा सज्जन गडी, फक्त जिभेपुढं लाचार. डॉक्टरांनी वाढलेला रक्तदाब दाखवून बजावलं, "मीठ कमी करा, वजन उतरवा, रोज अर्धा तास चाला." त्यानं घरी येऊन सांगितलं, तर बायको दुसऱ्याच दिवशी घरातलं सगळं खारवलेलं शेजारणीला देऊन मोकळी झाली. स्वतःचं मीठही तिनं तेवढंच कमी केलं. "तुम्ही अळणी गिळणार आणि मी समोर बसून चवीनं खाणार? शोभतं का?"

हा घरी शहाण्या मुलासारखा अळणी जेवायचा. पण कँटीनमध्ये? अहो, चव बघणं हे त्याचं कामच होतं ना! आधी पळीभर, मग वाटीभर, जेवणाची घंटा होईस्तोवर दोन वाट्या रस्सा पोटात. संध्याकाळी चालायला म्हणून निघायचा, तो कोपऱ्यावरच्या बाकावर गप्पा छाटत बसायचा. मन खात होतं, नाही असं नाही. बायकोनं ताट पुढं केलं की त्याला तिच्याकडे बघवत नसे. उद्यापासून नक्की, असं रोज ठरवायचा, आणि उद्या हातात पुन्हा पळी असायचीच.

तीन महिन्यांत त्याच्या रक्तदाबाचा आकडा तसूभर हलला नाही. आणि एका मंगळवारी कपडे वाळत घालता घालता बायको चक्कर येऊन पडली.

डॉक्टरांनी तिचा रक्तदाब मोजला, मग त्याचाही. तीही अळणीच जेवते हे कळल्यावर ते म्हणाले, "कमाल आहे! पथ्य नवऱ्याचं आणि उतरलाय बायकोचा! बाई, तुमचा मुळातच कमी. तुम्हाला मीठ एवढं कमी करायला कुणी सांगितलं होतं?"

आचारी गप्प राहिला असता तर निभावलंही असतं. पण उशीवरचं तिचं पांढरंफटक तोंड त्याला बघवेना.

"डॉक्टर, मी पथ्य पाळलंच नाही," तो म्हणाला. "कँटीनमध्ये रोज चापून खातो. चालायलाही जात नाही. हिला फसवलं मी."

आता ही कडाडणार म्हणून त्यानं मान खाली घातली. कडाडली असती तर बरं झालं असतं हो!

"म्हणजे मीठ घालताना माझा हात जड नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुमचा आकडा उतरेना, तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून मी दर आठवड्याला मीठ आणखी थोडं कमी घालत गेले."