खळ वाळायला आठ दिवस

शमीमचाचांवर चोरीचा आळ मी घेतला होता.

काल चाचा गेले. आमच्या पुस्तकवाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडताहेत. त्यातला एकही मी खरा धरत नाही. माझाही धरू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत चाचांचं बाइंडिंगचं दुकान. शाळांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, जांबहून आलेली कुणाच्या घरची फाटकी पोथी, सगळं तिथं शिवायला यायचं.

आणि आमची पुस्तकं.

आम्ही चार-पाच जण. मी मंठ्याला शाळेत गणित शिकवतो, बाकीचेही असेच नोकरदार. पण वाचायचं काय, तर परदेशातलं अंडरग्राउंड म्युझिक, भिंतींवर चोरून चित्रं काढणारे लोक, हाताने छापलेली मासिकं, व्यवस्थेला शिंगावर घेणारी पोरं. असली पुस्तकं इकडं कुठं मिळणार? कुठून तरी पीडीएफ यायची, आम्ही प्रिंटआउट काढायचो आणि चाचांकडे टाकायचो.

म्हणजे माल मुळात आमचाच चोरीचा.

संशय घेणं हा माझा स्वभाव. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कुणी सुटत नाही. बायको म्हणते, "तुम्ही आरशात बघतानासुद्धा डोळे बारीक करता."

तर माझ्या लक्षात आलं की वकिलाची फाइल दुसऱ्या दिवशी मिळते. आमच्या पुस्तकाला मात्र आठ दिवस.

"पुठ्ठ्याची खळ वाळून राह्यली, सर," चाचा म्हणायचे.

मे महिन्यात. जालन्यात. जिथं दोरीवर टाकलेली चादर चिमटा लावेपर्यंत वाळते.

मी पुरावे गोळा करायला लागलो.

एका पुस्तकात चहाचा डाग. एकात पानाचा कोपरा दुमडलेला. आणि शब्दांखाली पेन्सिलचे बारीक ठिपके, एका पानावर सात, दुसऱ्यावर दहा. एकदा मुद्दाम पानांत दोरा ठेवून दिला. पुस्तक परत आलं, दोरा गायब. शिवताना दोरा पडणारच, हे तेव्हा सुचलं नाही.

निष्कर्ष काढला: चाचा आमच्या पुस्तकांची एक कॉपी काढतात आणि परस्पर संभाजीनगरला कुणाला तरी देतात. संभाजीनगरलाच का, ते विचारू नका. जालन्यातलं सगळं चांगलं तिकडंच जातं, असं मला कायम वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात दुकानात जाऊन सरळ विचारलं. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती.

"चाचा, कॉपी कुणाला देता?"

चाचांनी सुई खाली ठेवली. "काय म्हणून राह्यले, सर?"

"मंग आठ आठ दिवस पुस्तक ठेवून करता काय?"

त्यांनी गिऱ्हाइकांकडे बघितलं. एकाच्या मांडीवर जमिनीची कागदपत्रं होती.

"काय न्हाई," म्हणाले. "खळ वाळत न्हाई जल्दी."

मला तेवढं पुरलं. अर्धं शिवलेलं पुस्तक उचललं आणि दोरा लोंबकळत तसंच घरी आणलं. ग्रुपवर टाकलं: चाचांकडे काही देऊ नका, माणूस बराबर नाही. सगळ्यांनी अंगठा दिला.

ते वाक्य ग्रुपमध्ये थोडंच राहतंय? आमच्या हेडमास्तरांनी शाळेची रजिस्टरं दुसरीकडे द्यायला सुरुवात केली.

त्यानंतर चाचा दोनदा रस्त्यात दिसले. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. दोन्ही वेळा मी मोबाइलमध्ये बघितलं.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. दुःखाने नाही. न जाणं बरं दिसलं नसतं म्हणून.

चाचींनी आत बोलावलं. मला वाटलं, आता सुनावणार. त्यांनी एक डिक्शनरी आणून पुढं ठेवली. इंग्रजी-मराठी, शाळकरी, पानांच्या कडा काळ्या पडलेल्या.

"उर्दू मीडियममधी दहावी केल्ती त्यांनी," चाची म्हणाल्या. "तुमची किताब आली की घरी आणायचे. एक एक लफ्ज यात बघून वाचायचे. मंग मला सांगायचे, आज त्या पोरांनी असं केलं, तसं केलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"कसं सांगतील, बेटा? लोकांची घरची कागदं येतात दुकानात. बाइंडिंगवाला वाचतो म्हणल्यावर कोण देईल? त्यांचा उसूल व्हता, गिऱ्हाइकाची चीज शिवायची, वाचायची न्हाई. फक्त तुमच्या किताबांपायी मोडला त्यांनी."

मी जगातल्या प्रत्येक माणसाचा संशय घेतला. चाचा वाचत असतील, हा संशय मला एकदाही आला नाही. बाइंडिंगवाला ही पुस्तकं वाचणारच नाही, असं मी धरूनच चाललो होतो. बंडखोरीवरची एवढी पुस्तकं वाचून ही अक्कल. लाज वाटते.

"ती शेवटची किताब तुमी उचलून नेली न्हाई का," चाची पुढं म्हणाल्या. "गोदामात गाणी वाजवणाऱ्या पोरांची. पोलिस त्यांची मशीन घेऊन गेले, तिथंवर झाल्तं वाचून. पुढं काय झालं ते इचारायचं व्हतं त्यांना. दोनदा रस्त्यात हात केला म्हणे तुमाला. म्हणाले, सर घाईत व्हते."

मग त्यांनीच विचारलं, "काय झालं, बेटा, पुढं?"

मला सांगता आलं नाही.

ग्रुपवर लिहिलंय, इथं सगळ्यांपुढंही लिहितो. शमीमचाचांनी कधी काही चोरलं नाही. मी खोटं पसरवलं. हेडमास्तर इथं आहेत, त्यांनीही वाचावं.

आणि चाचा, तुम्ही पुढचं ऐका.

मशीन गेल्यावर पोरं थांबली नाहीत. उसन्या आणलेल्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर आणखी एक कॅसेट काढली, कव्हरं हाताने रंगवली, गावभर वाटली. पोलिस परत आलेच नाहीत. बँड पोलिसांनी मोडला नाही. एकाने दुसऱ्याशी बोलणं टाकलं, तिथं मोडला. ड्रमवाला अजून त्याच गावात आहे, बस चालवतो.

एवढंच आहे.

सकाळी चाचींना सांगता आलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. तुमच्या हातातून पुस्तक आणलं आणि कपाटात टाकून दिलं होतं. आज दुपारी बसून पूर्ण वाचलं, तुम्हाला सांगायला.

सलाम, चाचा. माफ करा.