झबलं वर कर

अमानवीय वगैरे गोष्टी कोणी सांगायला लागलं की खिल्ली उडवणाऱ्यांत मी पहिली. कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे जरा जास्तच... पण हे माझ्यासोबतच घडलं.

आम्ही मैसूरचे, राहायला चामराजपुरमला. पिढ्यानपिढ्या इथेच असल्यामुळे घरचं मराठी अर्धं कन्नड. सदरा, फ्रॉक, सगळ्याला आम्ही ‘अंगी’च म्हणतो. (हे लिखाणसुद्धा कॉलेजातल्या सातारच्या मैत्रिणीनं तपासून दिलंय!)

माझा मुलगा चिन्मय तेव्हा सात महिन्यांचा होता. सर्दी-खोकल्यानं तीन दिवस नुसता रडत होता. डॉक्टर म्हणाले होते, व्हायरल आहे, लक्ष ठेवा. चौथ्या दिवशी दुपारी तो एकदाचा शांत झोपला. नवरा कामासाठी हुणसूरला गेलेला. मला इतकं हायसं वाटलं, की मीही शेजारी आडवी झाले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. कोणी वयस्क बाई होती. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाली, “निजला म्हणून खूश होऊ नको. झबलं वर कर आणि बघ.”

“एनु? काय वर करू?” मला तो शब्दच कळेना.

“अगं, झबलं! छाती उघडी करून बघ बाळाची.”

मी अंगी वर केली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता... नाकपुड्या फुलत होत्या. तसंच त्याला उचललं, रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं. त्याला लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या — तो झोपला नव्हता, दमला होता. वेळेवर आणलंत.

अॅडमिट केल्यापासून पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. त्या बाईंचे आभार मानावेत म्हणून फोन उघडला, तर त्या दुपारी आलेला एकही कॉल नाही. त्याआधीचा शेवटचा सकाळचा, नवऱ्याचा. तो म्हणाला, “डोळा लागला असंल तुझा, सपान पडलं असंल.”

असेल. पण ‘झबलं’ म्हणजे तान्ह्या बाळाची अंगी, हे मला त्या मैत्रिणीनं महिन्याभरानं सांगितलं. आमच्या घरात कोणालाच तो शब्द ठाऊक नव्हता. मग जो शब्द मला येतच नाही, तो माझ्या स्वप्नात कुठून येणार?

त्या बाई कोणीही असोत, रोज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.

चिन्मय आता चार वर्षांचा आहे. जरा शिंक आली की स्वतःच टी-शर्ट वर करून माझ्यापुढे उभा राहतो — “अम्मा, झबलं बघ.”