आहेराचे बूट

बद्रीनाथ मॅरेथॉनला उभा राहिला तो काही तब्येतीसाठी नाही. वाळूजच्या कंपनीत नावं लिहून घेत होते, नाव देणाऱ्याला टी-शर्ट फुकट होता, आणि फुकटचा टी-शर्ट सोडणारा माणूस पडेगावात अजून जन्माला यायचाय. अर्धी मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर, हा आकडा त्यानं सही केल्यावर वाचला. वय एकावन्न, पोट अंगाच्या चार बोटं पुढं, आणि पळण्याचा अनुभव एवढाच की शिफ्टची बस सुटायला लागली की मागून धावायचं.

पहिल्या दिवशी गडी बस पकडायच्याच वेगानं सुटला. मिटमिट्याला पोचेस्तोवर तोंडाला फेस आला, आणि परतीचा प्रवास रिक्षातून झाला. मग कुणीतरी त्याला दत्तोपंतांकडं धाडलं. दत्तोपंत बँकेतून निवृत्त झालेले, अकरा मॅरेथॉन पळालेले, अंगावर मांस म्हणून नाही. विद्यापीठाच्या रस्त्यावर ते पहाटे लोकांना पळायला शिकवत.

"पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत," त्यांनी सांगितलं. "बोलताना धाप लागली की समजा, वेग जास्त झाला."

गप्पा हा बद्रीनाथच्या हातचा मळ. तिथून त्याचं जमलं. आठवड्यातून तीन दिवस थोडं थोडं, रविवारी लांब, आणि दर आठवड्याला एखादाच किलोमीटर वाढवायचा. रात्रपाळी असली की आधी झोप, मग पळणं. पाणी प्यायचं ते तहान लागायच्या आधी. जांघेत व्हॅसलीन लावायचं, यावर तर शिफ्टच्या बसमध्ये पंधरा दिवस हसणं चाललं. पण चार महिन्यांत तो शरणापूरच्या पुढं जाऊन स्वतःच्या पायांनी परत यायला लागला, आणि पँट कमरेवर ठरेनाशी झाली.

शेवटच्या रविवारी दत्तोपंतांनी बोट नाचवून बजावलं, "शर्यतीच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. खाणं रोजचं, मोजे रोजचे, आणि बूट तर जुनेच. नवे बूट घालून पळणाऱ्यांना मी लंगडत घरी जाताना पाहिलंय."

शर्यतीच्या आदल्या दुपारी काकासाहेब आला, तो नवे बूट घेऊनच.

काकासाहेब म्हणजे बद्रीनाथची बायको लक्ष्मीबाई हिचा पाठचा भाऊ, त्याचा मेव्हणा. आठ वर्षं त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि ते एका सफारीच्या कापडापायी. भाचीच्या, म्हणजे बद्रीनाथच्या पोरीच्या लग्नात त्यानं ते कापड आहेर केलं होतं. बद्रीनाथनं, आपल्याकडं सगळेच करतात तसं, ते आचारी पुंजारामला मानपान म्हणून सरकवलं. पुढच्या उन्हाळ्यात पुंजाराम तीच सफारी घालून काकासाहेबाच्याच दारच्या लग्नात बुंदी वाढत फिरला. काकासाहेबानं भर पंगतीत कापड ओळखलं आणि त्या दिवसापासून अबोला धरला. तेव्हापासून लक्ष्मीबाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची आणि नंतर दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही.

"भाचीनं फोनवर सांगितलं, दाजी पळणार हायेत," काकासाहेब म्हणाला. "उद्या हेच घालून पळा."

चहा उतू गेला तरी लक्ष्मीबाईचं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. बद्रीनाथला दत्तोपंत आठवले आणि पाठोपाठ पुंजारामही आठवला.

"घालणार की," तो म्हणाला. "तुमचा मान हाय."

बूट अर्ध्या नंबरानं लहान होते. पाचव्या किलोमीटरला टाचा सोलल्या. काकासाहेब लक्ष्मीबाईला मागं बसवून मोटारसायकलवर चौकाचौकात आधीच हजर असायचा, आणि त्याचं लक्ष दाजींच्या तोंडाकडं नसून पायांकडं असायचं. त्यामुळं चौक आला की बद्रीनाथ दात काढायचा, चौक गेला की लंगडायचा. चौदाव्या किलोमीटरला त्यानं जालना रोडच्या दुभाजकावर बसकण मारली आणि बूट उपसले. मोजे लाल झाले होते. मोटारसायकल तेवढ्यात येऊन थांबली.

काकासाहेबानं मोजे बघितले आणि त्याचा चेहराच उतरला. तो शेजारी टेकला.

"दाजी, खरं सांगू का? मी हे इकत नाय घेतले. व्याह्यानं आहेरात दिलते. मला होईनात, म्हणून..."

बद्रीनाथच्या अंगात वीज संचारली. बसमध्ये याच्या निम्म्या गोष्टीवरून त्यानं माणसांना महिनाभर तोंड लपवायला लावलं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण लक्ष्मीबाई गाडीचा आरसा घट्ट धरून उभी होती, आणि आता हा माणूस काय बोलतो या धास्तीनं तिचा रंग उडाला होता. आठ वर्षं आपण हिला काय दिलं, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

"बूट लई झ्याक हायेत," तो म्हणाला. "माझेच पाय फताडे."

बूट मेव्हण्याच्या हातात देऊन तो मोज्यांवरच उठला. उरलेले सात किलोमीटर थोडं पळत, बरंचसं चालत त्यानं काढले. पोचला तेव्हा मांडव उतरवायला घेतला होता. पदक गळ्यात पडलं, तशी त्यानं तिथंच फतकल मारली आणि केळं खायला घेतलं.

काकासाहेब बूट काखेत मारून चुळबुळत उभा होता. "पुढल्या बारीला बरोबर मापाचे आणतो," तो बहिणीला म्हणाला.

"काय बी आणू नको," लक्ष्मीबाई म्हणाली. "रिकाम्या हातानं ये. पण ये, बाबा."