पाखरं उतरली तर

फुटलेला तलाव गावानं दोन उन्हाळे माती वाहून पुन्हा बांधला, त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. आमचं गाव आरमोरीच्या अलीकडं. आम्ही ढीवर, मासोळीवर जगणारे. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, यंदा उत्तरेकडची पाखरं पाण्यावर उतरली तर राहायचं, नाहीतर संक्रांतीनंतर बाडबिस्तरा उचलून सिरोंच्याला, गोदावरीवर जायचं. आमच्यात रीतच होती तशी. पाखरू बसल्याशिवाय नव्या पाण्यात जाळं टाकत नाहीत. पाखरू बसलं म्हणजे तळाशी शेवाळ आहे, गोगलगाय आहे, मासोळी धरणार.

मला बाई सिरोंचा नको होतं. माझी आई दोन कोसांवर एकटी राहत होती. सिरोंच्याला दिलेली पोर माहेरी आलेली कुणी पाहिली होती?

त्या दिवशी सकाळपासून मी आणि सासरे तलावाच्या पाळीवर, त्या नव्या मातीच्या बांधावर, बसलो. धुई अशी दाट, की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं ते कळेना. भाताच्या बांधीत पेरलेल्या लाखोरीच्या पिकाचा ओला वास येत होता. मी अजून गोधडीतच आहे असं वाटायचं. मग त्या धुईतून आधी आवाज आला आणि मागून चकवे आले, उत्तरेकडची ती बदकं, तांबूस, जोडीजोडीनं. पार पाण्यापर्यंत खाली आले, एक घिरटी घेतली नि वर निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. माझा जीव त्यांच्यासोबत खालीवर होत होता.

"पाणी पटून नाई राह्यलं त्यायले," सासरे म्हणाले.

असा राग आला म्हणता! मेल्यांनो, एवढ्या लांबून आलात, जरा टेकायला काय होतं?

दुपारी सासू पेज घेऊन आली. मोठी कजाग बाई. सकाळीच "पाखरं पाहून पोट भरते का?" म्हणून ओरडली होती. तिनं वर पाहिलं, मग पाळीवर नजर फिरवली आणि कपाळावर हात मारला.

"अगा माय! इथी जाळे कोनं टांगले?"

आम्हीच टांगले होते, हौसेनं. ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून काळी केलेली नवी जाळी पाळभर बांबूंवर वाळत होती, वाऱ्यानं हलत होती.

"जाळं पाहून पाखरू उतरन का? तुमची अक्कल चराले गेली का?"

सासरे उठले. आम्ही जाळी गुंडाळली आणि तिघंही पाळीमागच्या गवतात आडवे झालो. ऊन पाठीवर आलं. डोळा लागायचा, उघडायचा, पाणी तिथंच असायचं, रिकामं, चमकणारं. वेळ कसा गेला सांगता येत नाही.

ऊन उतरता उतरता एक चकवा पाण्यावर घसरत आला. मागून त्याची जोडीण, मग सगळा थवा. तलाव नुसता बोलायला लागला.

"राहू इथीच," सासरे म्हणाले.

मला रडूच फुटलं. आता हसेल म्हणून सासूकडं पाहिलं, तर ती तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

"काय झालं, आत्या?"

"काई नाई वं. माहे दोन लेकरं याच पाळीच्या बाजूले पुरले हायत. त्यायले टाकून कुठी जाऊ मी?"

आणि मी दिवसभर समजत होते, जीव टांगणीला लागलाय तो एकटा माझाच.